पहिल्या लढतीच्या करारात दडलेली दुसरी लढत

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ व्यावसायिक बॉक्सर आहे. परदेशातल्या एका चॅम्पियनच्या प्रमोटरकडून, म्हणजे त्याच्या लढती भरवणाऱ्याकडून, लढतीचा करार आला आहे. भाऊ जिंकला तर चॅम्पियनला रीमॅच द्यावी लागेल, असं एक कलम त्यात आहे. सही करावी का, आणि करायची तर आधी काय बदलून घ्यावं?

सही बहुधा करावीच लागेल. स्वतः निवडलेल्या चॅलेंजरला चॅम्पियन रीमॅचच्या कलमाशिवाय करार क्वचितच देतो. बेल्ट त्याचा पणाला लागतो, तिकिटं त्याच्या नावावर खपतात, टीव्हीचा करारही त्याचाच असतो. एखादी रात्र वाईट गेली तर ती भरून काढायची सोय तो करून ठेवणारच. तेव्हा ‘हे कलमच काढा’ म्हणून भांडण्यात ताकद घालवू नका. समोरचा कागद एका लढतीचा नाही, दोन लढतींचा आहे असं धरून वाचायला बसा. पहिल्या लढतीचा तपशील पंधरा-वीस पानं व्यापतो आणि दुसरी चार ओळींत उरकलेली असते. भाऊ हरला तर त्या चार ओळींकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. जिंकला तर मात्र त्याची पुढची सगळी कमाई त्यांवरच ठरेल. आणि त्या दिवशी घासाघीस करायला हातात काहीच उरलेलं नसतं, कारण जिंकल्यानंतरचा भाव जिंकण्याआधीच विकून झालेला असतो.

आधी एवढं तपासा: लढत ऐच्छिक आहे की मँडेटरी, म्हणजे संघटनेने चॅम्पियनवर बंधनकारक केलेली? डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ किंवा डब्ल्यूबीओ या बेल्ट देणाऱ्या संघटनांपैकी एकीने भावाला अधिकृत मँडेटरी चॅलेंजर ठरवलं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. ठरलेल्या मुदतीत दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर पर्स बिड होतं, म्हणजे पर्ससाठी (बॉक्सरांच्या मोबदल्यासाठी) बंद पाकिटातून बोली. सगळ्यात मोठी बोली लावणारा लढत भरवतो आणि बोलीची रक्कम संघटनेच्या ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेओफिमो लोपेझ विरुद्ध जॉर्ज कँबोसोस या लढतीसाठी आयबीएफकडे ट्रिलर कंपनीने ६०,१८,००० डॉलरची बोली लावली, मॅचरूम या दुसऱ्या प्रमोटर कंपनीची ३५,०६,००० ची होती आणि लोपेझच्या स्वतःच्या प्रमोटरची, टॉप रँकची, २३,१५,००० ची. वाटणी ६५-३५, म्हणजे चॅलेंजर कँबोसोसच्या वाट्याला २१,०६,३०० डॉलर. लोपेझच्या प्रमोटरच्या बोलीवर हाच हिशेब केला तर आठ लाख दहा हजारांच्या आसपास येतो. पर्स बिडची नुसती शक्यता असणंही किती मोलाचं, ते या फरकात दिसतं.

मोठ्या बोलीवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. तारखा बदलता बदलता ट्रिलरने मुदत चुकवली, आयबीएफने त्यांना कसूरदार ठरवलं, वीस टक्के अनामत बुडाली आणि लढतीचे हक्क दुसऱ्या क्रमांकाच्या मॅचरूमकडे गेले. लढत २७ नोव्हेंबर २०२१ ला न्यूयॉर्कला झाली, कँबोसोस जिंकला, पण आधीच्या मोठ्या आकड्यावर नव्हे. डब्ल्यूबीसीच्या बोलीत आणखी एक बारकावा असतो: दहा टक्के रक्कम विजेत्यासाठी बाजूला काढतात. २०२२ च्या फ्युरी–व्हाइट लढतीची बोली ४,१०,२५,००० डॉलरची होती. त्यातले ४१,०२,५०० विजेत्याचे, उरलेल्याची वाटणी ८०-२०.

अमेरिकेतल्या मँडेटरी लढतीला आणखी एक संरक्षण आहे. तिथल्या २००० सालच्या मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायद्याप्रमाणे अशा लढतीच्या बदल्यात चॅलेंजरकडून पुढच्या लढतींचे प्रमोशन हक्क मागता येत नाहीत. ऐच्छिक लढतीत मागता येतात, पण बारा महिन्यांपलीकडे नाही. हा कायदा अमेरिकेतला. लढत रियाध किंवा लंडनला असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमचं प्रकरण ऐच्छिक दिसतं, म्हणून आता कलमाकडे येऊ. अशा करारांत सर्रास सापडणारी भाषा मराठीत आणली तर साधारण अशी दिसते:

‘ही लढत चॅलेंजरने जिंकल्यास, तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस देऊन रीमॅचची मागणी करण्याचा हक्क चॅम्पियनला राहील. रीमॅच प्रमोटर ठरवेल त्या ठिकाणी व त्या तारखेस होईल. रीमॅच पार पडेपर्यंत चॅलेंजर अन्य कोणाशीही लढणार नाही. रीमॅचचा मोबदला उभयपक्षी सद्भावनेने ठरवण्यात येईल.’

चार वाक्यं आहेत आणि चारांनाही भोकं आहेत.

‘जिंकल्यास’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. बरोबरी झाली तर? चॅम्पियन फाऊलमुळे बाद ठरला तर? निकाल नंतर रद्द झाला तर? २० एप्रिल २०२४ ला ब्रुकलिनमध्ये रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला हरवलं. आदल्या दिवशी तो १४० पौंडांच्या लढतीसाठी १४३.२ पौंड भरला होता. पुढे त्याच्या नमुन्यांत ऑस्टरीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि जूनमध्ये, म्हणजे दोन महिन्यांनी, लढत ‘नो कॉन्टेस्ट’ ठरली. तीस दिवसांची नोटीस तोवर कधीच मुदतबाह्य झाली असती. म्हणून तीन गोष्टी लिहून घ्या. हक्क फक्त स्पष्ट विजयावर जागा होईल. चॅम्पियन वजनात किंवा डोप चाचणीत नापास झाला तर तो हक्क गमावेल. आणि चूक चॅम्पियनची असून निकाल रद्द झाला तर दुसऱ्या लढतीचा हक्क तुमच्याकडे येईल. तिसरी मागणी ते बहुधा फेटाळतील. पहिल्या दोन मान्य होतात.

‘तीस दिवस’ कधीपासून, ते वरच्या मसुद्यात लिहिलेलंच नाही. ‘लढतीच्या तारखेपासून’ असं घाला आणि पुढे जोडा: मुदतीत नोटीस आली नाही तर हक्क आपोआप संपेल, वेगळं पत्र लागणार नाही. रीमॅचचं कलम असलं म्हणजे रीमॅच होतेच असं नाही. मे २०२२ मध्ये दिमित्री बिवोलने कॅनेलो अल्वारेझला हरवलं. कॅनेलोकडे रीमॅचचा हक्क होता, पण तो सप्टेंबरमध्ये गोलोव्हकिनशी लढला, बिवोल नोव्हेंबरमध्ये रामिरेझशी, आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. चॅम्पियनला आधी कुणा दुसऱ्याशी लढायचं असेल तर खुशाल लढू द्या, पण तेवढा काळ तुमचा माणूस दावणीला बांधलेला राहता कामा नये.

ठिकाण आणि तारीख. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कला अँडी रुईझने अँथनी जोशुआला सातव्या फेरीत गारद केलं. जॅरेल मिलर डोप चाचणीत अडकला म्हणून ऐन वेळी आत आलेला हा माणूस तीन संघटनांचा हेवीवेट चॅम्पियन झाला. रीमॅच सौदीत दिरिया इथे जाहीर झाली. रुईझने सुरुवातीला खळखळ केली, पण सही आधीच झालेली होती. ७ डिसेंबरला तो तिथे उतरला, आधीच्यापेक्षा पंधरा पौंडांनी जड, आणि गुणांवर हरला. वजनाला करार जबाबदार नाही. पण नवा चॅम्पियन असूनही जागा निवडण्यात त्याचं काही चाललं नाही, एवढं ध्यानात घ्या. हेनीने हाच सौदा उघड्या डोळ्यांनी केला. कँबोसोसकडचे बेल्ट मिळावेत म्हणून मेलबर्नला जायचं आणि जिंकलं तरी रीमॅच पुन्हा ऑस्ट्रेलियातच, हे त्याने मान्य केलं. जून आणि ऑक्टोबर २०२२ अशा दोन्ही लढती तो मेलबर्नलाच जिंकला. दोनदा परक्या घरी जिंकायची खात्री असेल तर हा सौदा वाईट नाही. चॅलेंजर म्हणून आत आलेला कँबोसोस वर्षाच्या आत तेच कलम दुसऱ्यासमोर ठेवत होता, ही या धंद्याची रीत.

तुम्ही किमान दोन-तीन देशांची यादी करारात घालून घ्या आणि ‘त्याबाहेर चॅलेंजरच्या लेखी संमतीशिवाय नाही’ असं लिहून घ्या. तारखेसाठी एक अखेरची मर्यादा हवी. पहिल्या लढतीपासून १८० दिवस मागा, २१० वर तडजोड करा. दुखापतीसाठी मुदतवाढ एकदाच, साठ दिवसांची, आणि तीही तिथल्या बॉक्सिंग आयोगाने मान्य केलेल्या डॉक्टरच्या दाखल्यावर.

अखेरची तारीख अशी घट्ट का बांधायची, ते फ्युरी–वाइल्डर प्रकरणात पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरी जिंकला आणि वाइल्डरने तिसऱ्या लढतीचा हक्क वापरला. मग करोना आला आणि तारखा पुढे पुढे सरकत गेल्या. कराराची मुदत संपली असं ठरवून फ्युरी जोशुआकडे वळला. १६ मे २०२१ ला त्याने जाहीर केलं की लढत १४ ऑगस्टला सौदीत. दुसऱ्याच दिवशी लवाद म्हणून बसलेले निवृत्त न्यायाधीश डॅनियल वाइनस्टीन यांचा निवाडा आला: वाइल्डरचा हक्क शाबूत आहे, लढत १५ सप्टेंबरच्या आत द्या. जोशुआची लढत तिथेच बारगळली. शेवटी तिसरी लढत ९ ऑक्टोबरला लास व्हेगासला झाली, कारण जुलैच्या तारखेला फ्युरीलाच करोना झाला. तेव्हा साथ, युद्ध, सरकारी बंदी यांच्या कलमालाही दिवसांची मर्यादा हवी. ती नसली की कराराची मुदत कुठे संपते हे तुम्ही नाही, लवाद ठरवतो.

‘अन्य कोणाशीही लढणार नाही.’ कलमाचे दात ते इथे. कुणालाही जबरदस्तीने रिंगमध्ये उतरवता येत नाही. वैयक्तिक कौशल्याचं काम न्यायालय सक्तीने करून घेत नाही. पण दुसऱ्या रिंगमध्ये उतरण्यापासून ते अडवू शकतं. १८५२ साली लंडनमध्ये एका ऑपेरा गायिकेला दुसऱ्या थिएटरात गायला मनाई झाली, तेव्हापासून हे तत्त्व चालत आलं आहे. बॉक्सिंगमधलं ठळक उदाहरण २००१ चं. त्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने लेनॉक्स लुईसला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं, मग प्रमोटर डॉन किंगशी करार करून रीमॅच टाळायचा प्रयत्न केला. लुईस न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात गेला. न्यायाधीश मिरियम सीडरबॉम यांनी हुकूम दिला की लुईसशी लढल्याखेरीज रहमानने अठरा महिने कुणाशीही लढायचं नाही. बॉक्सरचं दीड वर्ष म्हणजे कारकिर्दीचा लचकाच. १७ नोव्हेंबरला रीमॅच झाली आणि लुईसने चौथ्या फेरीत बेल्ट परत घेतले.

म्हणून ही बंदी नोटीस मिळाल्यापासूनच लागू होईल आणि अखेरच्या तारखेला आपोआप उठेल, असं लिहून घ्या. चॅम्पियनकडून उशीर झाला तर मधे एक साधी लढत खेळायची मुभाही मागा.

आता पैसा. ‘सद्भावनेने ठरवण्यात येईल’ हे वाचून काही जण खूश होतात: आकडा मोकळा आहे, जिंकल्यावर वाढवून घेऊ. खरी गोम इथेच आहे. पुढे ठरवू असं ठरवणं कायद्यात कच्चं असतं हे खरं, पण ते कच्चं ठरेपर्यंत तुम्ही कोर्टात आणि भाऊ बसून. चॅम्पियन वर्षभर थांबू शकतो, भाऊ नाही. २०२३ मध्ये फ्युरी आणि उसिकची ७०-३० वाटणी उसिकने मान्य केली होती, तरी मार्चमध्ये बोलणी फिसकटली आणि रीमॅचच्या अटी हा वादाचा एक मुद्दा होता. मे २०२४ मध्ये लढत झाली तेव्हा करारात रीमॅच दोन्ही बाजूंनी बांधलेली होती, ती डिसेंबरमध्ये पार पडली. फ्युरी–वाइल्डरची दुसरी लढत निम्म्या वाटणीची होती आणि दुसरी जिंकणाऱ्याला तिसरीत ६० टक्के मिळतील असं आधीच लिहिलेलं होतं. तुम्हाला हवी ती ही पद्धत.

एक उदाहरण घेऊ, आकडे केवळ समजण्यापुरते. पहिल्या लढतीची पर्स ५ लाख डॉलर. रीमॅचसाठी करार म्हणतो, ‘निव्वळ उत्पन्नाच्या ४० टक्के’. लढतीचं एकूण उत्पन्न ६० लाख झालं तर मनात लगेच २४ लाख येतात. पण ‘निव्वळ’मध्ये हॉलचं भाडं, त्याच रात्रीच्या इतर लढतींच्या पर्सेस, चित्रीकरण, जाहिरात, विमानं, हॉटेलं सगळं आधी वजा होतं. ते २८ लाख निघाले तर ३२ लाखांचे ४० टक्के, म्हणजे १२ लाख ८० हजार. आणि खर्चाची यादी प्रमोटर करतो. म्हणून अमुक इतकी ठोक रक्कम किंवा अमुक टक्के, यांपैकी जे जास्त ते, अशी मागणी करा. माझ्या मते ठोक रक्कम पहिल्या पर्सच्या अडीच पटीखाली जाऊ देऊ नये. टक्केवारी ढोबळ उत्पन्नावर मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर वजा होणाऱ्या खर्चाची यादी आणि त्याची कमाल मर्यादा परिशिष्टात घ्या. लढत अमेरिकेत असेल तर प्रमोटरला स्वतःला त्या लढतीतून किती मिळणार आणि बॉक्सरच्या पर्समधून काय कापलं, हे प्रमोटरने बॉक्सरला सांगणं अली कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक बॉक्सर ते मागतच नाहीत. तुम्ही लेखी मागा.

हातात किती पडतं तेही पाहून ठेवा. ५ लाखांतून साधारण ३ टक्के सँक्शनिंग फी (बेल्टच्या संघटनेची), १५ हजार. मॅनेजर २५ टक्के धरला तर सव्वा लाख. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मॅनेजरला कमाल एक-तृतीयांश घेता येतो. ट्रेनरचे दहा टक्के, ५० हजार. उरले ३ लाख १० हजार. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या रकमेतून सहसा ३० टक्के कर आधीच कापतात, तेही पूर्ण पर्सवर: दीड लाख. त्यातलं काही विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतं, पण लढतीच्या रात्री हातात १ लाख ६० हजार, आणि सरावाच्या शिबिराचा खर्च त्यातूनच.

बेल्टचं काय होणार, हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. नोव्हेंबर २०१५ मध्ये डुसेलडॉर्फला टायसन फ्युरीने व्लादिमिर क्लिचकोला हरवलं आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने बेल्ट काढून घेतला. रीमॅचला बांधलेला असल्यामुळे तो त्यांच्या मँडेटरी चॅलेंजरशी लढू शकत नव्हता. ती रीमॅच तर झालीच नाही: २०१६ मध्ये जुलैची तारीख घोट्याच्या दुखापतीने गेली, ऑक्टोबरची फ्युरी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्याने. अशाच पेचात २०२३ मध्ये आयबीएफने टेरेन्स क्रॉफर्डचा बेल्ट काढला, २०२४ मध्ये उसिकने तोच बेल्ट स्वतः सोडला. करारात दोन वाक्यं घाला: संघटनेने बेल्ट काढून घेतला तरी रीमॅचची ठोक रक्कम कमी होणार नाही, आणि मँडेटरी चॅलेंजरला थांबवण्यासाठी काही द्यावं लागलं तर ते प्रमोटर देईल. हे थांबण्याचे पैसेही लहान नसतात. १९९६ मध्ये माइक टायसनला ब्रूस सेल्डनशी लढता यावं म्हणून लेनॉक्स लुईसला ४० लाख डॉलर देऊन बाजूला व्हायला लावलं होतं.

‘रीमॅच’ हा शब्द कुठेच नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. १९६४ मध्ये डब्ल्यूबीएचा रीमॅचच्या करारांना विरोध होता. तेव्हा हेवीवेट चॅम्पियन सनी लिस्टनशी संबंधित इंटर-कॉन्टिनेंटल प्रमोशन्सने त्याचा चॅलेंजर कॅशियस क्लेच्या पुढच्या लढतीचे हक्क ५० हजार डॉलरना विकत घेऊन ठेवले. क्ले जिंकला, मुहम्मद अली झाला, रीमॅचला राजी झाला म्हणून डब्ल्यूबीएने त्याचा किताब काढला, आणि लढत अखेर मे १९६५ मध्ये मेन राज्यातल्या लुइस्टन या लहानशा गावात झाली. आजच्या करारांत हीच गोष्ट ‘ऑप्शन’ या नावाने येते: चॅलेंजर जिंकला तर त्याच्या पुढच्या दोन किंवा तीन लढती चॅम्पियनचा प्रमोटर भरवेल. रीमॅच आणि ऑप्शन दोन्ही असतील तर एक सोडायला सांगा. आणि ऑप्शनच्या प्रत्येक लढतीला वेगळी किमान रक्कम लावा.

भारतीय कायदा इथे किती उपयोगी? झहीर खान आणि पर्सेप्ट डी’मार्क यांचा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तीन वर्षांचा करार संपल्यावरही, दुसऱ्या एजन्सीची ऑफर आली तर आधी आम्हाला ती जुळवायची संधी द्या, असं कलम होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानलं की कराराच्या मुदतीनंतर असं अडवणं १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली व्यवसायावरचं बंधन आहे, म्हणून ते लागू होत नाही. पण हा निकाल मुदतीनंतरच्या बंधनाबद्दल आहे. रीमॅचचं बंधन मुदतीच्या आतलं मानलं जातं, ते टिकू शकतं. शिवाय परदेशी प्रमोटरच्या करारात बहुधा न्यूयॉर्क, नेवाडा किंवा इंग्लंडचा कायदा लिहिलेला असतो आणि लवादाची जागाही तिकडचीच. शेवटच्या पानांवरचं ते कलम मॅनेजरवर सोडू नका. तिथल्या वकिलाची फी आत्ताच विचारून ठेवा. वाद झाला तर ती पर्समधूनच जाणार आहे.

उत्तर पाठवताना अख्खा करार लाल करून पाठवू नका, तुमचा मसुदा कुणी उघडणारही नाही. पाच जागा पुरतात: हक्क कधी जागा होतो, नोटिशीची मुदत, ठिकाणं आणि अखेरची तारीख, किमान रक्कम, बेल्ट गेल्यास काय. त्यातल्या किमान रकमेवर आणि अखेरच्या तारखेवर अडून बसा, बाकी तिन्हींत थोडं सोडलं तरी चालेल. रीमॅचच्या रकमेतले वीस टक्के नोटीस देतानाच वकिलाच्या खात्यात जमा व्हावेत, ही अट जोडली की चॅम्पियन नुसता अडवून ठेवण्यासाठी नोटीस देणार नाही.

नोटिशीचा पत्ताही पाहा. अनेक मसुद्यांत तिथे फक्त मॅनेजरचा ईमेल असतो. जिंकल्यानंतरच्या महिन्यात मॅनेजर बदलला, आणि बॉक्सर नेमका तेव्हाच बदलतो, तर नोटीस जुन्या इनबॉक्समध्ये पोचते आणि कायद्याने ‘मिळालेली’ धरली जाते. बॉक्सरचा स्वतःचा ईमेल आणि वकिलाच्या कार्यालयाचा पत्ता, दोन्ही घाला. दोन्हीकडे पोचेल ती शेवटची तारीख नोटिशीची तारीख, असंही लिहा.